सर्व्हिसच्या बिलात सगळं, गाडीत अर्धंच: जुन्या गाडीचं ठरलेलं काम पूर्ण कसं करून घ्यायचं

गाडी नवी असते तोवर हा त्रास फारसा होत नाही. वॉरंटी चालू असते, फ्री सर्व्हिसची कुपनं असतात, त्यामुळे डीलरही जपून वागतो. गाडी आठ-दहा वर्षांची झाली की तऱ्हा बदलते. दरवर्षी सर्व्हिस होते, बिल भरलं जातं, गाडी धुऊनपुसून लख्ख मिळते. आणि एखाद्या दिवशी कुठल्याशा गावातला मिस्त्री बॉनेट उघडतो, ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावतो आणि विचारतो, "हे कधी बदललं होतं?" घरी येऊन बिलांची फाइल चाळावी, तर बदलल्याची नोंद कुठेच नाही. मात्र प्रत्येक बिलाला जोडलेल्या चेकलिस्टवर ब्रेक ऑइलच्या पुढे बरोबरची खूण आहेच.

आमच्याकडे २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुण्यात बाबा चालवतात, वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार किलोमीटर. तिच्या बाबतीत हेच चाललं होतं: ब्रेक ऑइल, कूलंट, स्पार्क प्लग सगळं वर्षानुवर्षं "चेक्ड". नंतर सोसायटीतल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांची बिलं पाहिली. कंपन्या वेगळ्या, डीलर वेगळे, पण राहून गेलेली कामं तीच. म्हणजे हा एखाद्या आळशी मेकॅनिकचा प्रश्न नाही, सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या रीतीतच तो आहे. म्हणूनच त्यावर उपायही आहे, आणि तो भांडणाचा नाही. माझ्या अनुभवात एकच गोष्ट चालते: खूण मान्य करायची नाही, आकडा, जुना पार्ट किंवा बिलातली पार्टची ओळ मागायची. आणि ती काम झाल्यावर नाही, गाडी ताब्यात देण्याआधी, जॉब कार्डवर (करायची कामं लिहून घेतात त्या कागदावर) सही करताना मागायची.

काम खरंच राहिलंय का, हे आधी पाहा

मागची चार-पाच वर्षांची बिलं काढा. प्रत्येक बिलाचे दोन भाग असतात, पार्ट्स आणि लेबर. लेबरच्या भागात "पेड सर्व्हिस", "जनरल चेकअप", "ब्रेक क्लीनिंग" अशा ओळी असतात. त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. बघायचं ते पार्ट्सच्या भागात. ब्रेक ऑइल बदललं असेल तर त्याची बाटली पार्ट्समध्ये दिसलीच पाहिजे. कूलंटचं तसंच. एसीचा केबिन फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल किंवा डिझेल फिल्टर, या सगळ्यांना पार्ट नंबर असतो. पार्ट नंबर नाही म्हणजे वस्तू बदललेली नाही, इतकं हे सोपं आहे. ऑइल बदलताना ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाकायचा असतो. ती अगदी किरकोळ रकमेची ओळ असते, पण मी ती आवर्जून शोधते, कारण ती असेल तर खालचा प्लग उघडला गेला याची बरीच खात्री पटते.

ऑइलचं मापही पाहा. इंजिनात फिल्टरसकट किती लिटर ऑइल मावतं ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिकेत तीन लिटरच्या जरा वर आकडा असेल आणि बिलात दरवेळी चार लिटर लागत असेल, तर उरलेलं कुठे गेलं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बाटली फोडल्यावर उरलेलं ऑइल तुमचंच असतं, डिकीत ठेवायला सांगा.

मग गाडीकडे या. डॅशबोर्डचा ग्लव्ह बॉक्स सैल केला की बहुतेक गाड्यांत मागे केबिन फिल्टर असतो. त्यावर कडुलिंबाची वाळलेली पानं आणि काळा थर असेल तर मागच्या सर्व्हिसला तिथे कुणाचा हात लागलेला नाही. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपांवर धुळीचा अखंड थर, चाकांच्या नटांवर गेल्या पावसाळ्यातला चिखल, ब्रेक ऑइलचा रंग चहासारखा, ही सगळी लक्षणं बोलकी आहेत.

इथे सर्व्हिस सेंटरवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं दिसतं, त्यावरून "ऑइल बदललंच नाही" असा आरोप करू नका. पेट्रोल गाडीत मात्र सर्व्हिसच्या दुसऱ्या दिवशी डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) काळंकुट्ट ऑइल दिसणं बरोबर नाही.

असं का होतं

सगळ्यात मोठं कारण पुस्तिकेतच दडलेलं आहे. मेंटेनन्सच्या तक्त्यात प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि महिने असे दोन हिशेब असतात आणि खाली लिहिलेलं असतं, यांपैकी जे आधी होईल ते. निवृत्त माणसाची, दुसरी गाडी म्हणून ठेवलेली किंवा फक्त बाजारहाटाला लागणारी गाडी किलोमीटरच्या हिशेबाने कायम तरुणच राहते. काउंटरवरचा सर्व्हिस ॲडव्हायझर ओडोमीटर बघतो, पन्नास हजारांचं पॅकेज निवडतो आणि छापील यादी तयार होते. गाडीला तेरा वर्षं झालीत हे त्या यादीला कळत नाही. ब्रेक ऑइल, कूलंट, रबरी होज, बेल्ट, टायर आणि बॅटरी या गोष्टी चालण्यापेक्षा वयाने जास्त खराब होतात, आणि नेमक्या त्याच सुटतात.

दुसरं, तक्ता ठरावीक किलोमीटरपर्यंतच छापलेला असतो. पुढे तोच क्रम पुन्हा लावायचा असतो, पण छापील रकाने संपले की लक्षही संपतं. तक्त्यातली अक्षरंही वाचायला शिका. "आय" म्हणजे तपासा, "आर" म्हणजे बदला. "आर" असलेल्या ठिकाणी "तपासलं, ठीक आहे" हे उत्तर चालत नाही.

तिसरं कारण वेळेचं. सकाळी नऊ ते अकरा गाड्यांची रांग लागते, संध्याकाळी पाचपासून डिलिव्हरीची घाई असते. त्यातला बराच वेळ वॉशिंग खातं. मागची चाकं काढून ब्रेकचे ड्रम उघडणं, ब्रेकचं जुनं ऑइल पूर्ण काढून हवा बाहेर काढणं, यांना वेळ आणि दोन माणसं लागतात. वरून ते दिसतही नाही. धुतलेली गाडी दिसते. मेकॅनिक पोरं मेहनती असतात, त्यांच्या हातात जेवढा वेळ दिला जातो तेवढंच ते करतात. म्हणून माझा राग त्यांच्यावर कधीच नसतो.

चौथं, ॲडव्हायझरला विक्रीचं टार्गेट असतं. इंजिन फ्लश, डेकार्बोनायझिंग, टेफ्लॉन कोटिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, उंदीर पळवणारा स्प्रे, ही पॅकेजं तो मनापासून सुचवतो. पुस्तिकेतलं ब्रेक ऑइल मात्र त्याला आठवत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने ही पॅकेजं सरळ नाकारावीत असं मला ठामपणे वाटतं. त्याच पैशांत दोन राहिलेली खरी कामं होतात.

आणि शेवटचं, जुन्या मॉडेलचे पार्ट काउंटरवर नसतात. मागवायला दोन-चार दिवस लागतात, गाडी तर आजच द्यायची असते. मग "पुढच्या वेळी करू". पुढच्या वेळी ॲडव्हायझर बदललेला असतो.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं जास्त, कारण ते जिवाशी आहे

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डबीचं झाकण घट्ट असलं तरी होजमधून, सीलमधून थोडा थोडा ओलावा आत जातोच. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. शहरातल्या चालवण्यात हा फरक जाणवत नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना, वरंध किंवा आंबोलीत सतत ब्रेकवर पाय ठेवून येताना ब्रेक तापतात. जुनं ऑइल उकळलं तर पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर उतरावं हे खरंच, पण गिअरच्या भरवशावर तेरा वर्षांचं ऑइल ठेवू नये. कोकणात आणि गोव्यात दमट हवा वर्षभर असते, तिथल्या गाड्यांना हे आणखी लागू.

दोन-तीन वर्षांनी ते बदला असं बऱ्याच पुस्तिका सांगतात. तुमच्या पुस्तिकेत जे असेल ते धरा. मधल्या काळात ओलावा मोजायचं पेनाएवढं यंत्र अनेक वर्कशॉपमध्ये असतं. "चेक केलं" म्हणणाऱ्याला विचारा, "ओलावा किती टक्के आला?" आकडा आला तर चेक झालं.

जायच्या आधीची तयारी

पुस्तिका हरवली असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि साल टाकून मिळते. तिच्यातला तक्ता समोर ठेवून वहीचं एक पान करा: काम, शेवटचं कधी झालं, किती किलोमीटरला, कोणत्या बिलात. जिथे बिलाचा पुरावा नाही तिथे "माहीत नाही" लिहा आणि ते काम झालेलं नाही असंच धरा. डीलरकडून गाडीच्या नंबरावर सर्व्हिस हिस्ट्रीची प्रत मागता येते, अनेक कंपन्यांच्या ॲपमध्येही ती दिसते. जुनी गाडी सेकंडहँड घेतली असेल तर ही हिस्ट्री पहिल्याच आठवड्यात काढा.

याच वेळी इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा) आहे की त्या जागी चेन, हे शोधून ठेवा. मारुती ८००, जुनी सँट्रो यांना रबरी बेल्ट होता. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं आणि बऱ्याच गाड्यांत आलेलं फियाटचं १.३ डिझेल यांना चेन आहे. बेल्ट असेल तर तो ठरलेल्या मुदतीत बदलायचाच असतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. चेन असेल तर "टायमिंग बेल्ट बदलायला आलाय" असं कुणी सांगितल्यावर तुम्हाला काय उत्तर द्यायचं ते कळेल.

२०२३ च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांसाठी आणखी एक ओळ वाढवा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या काही गाड्यांत बऱ्याच वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते नेहमीच्या सर्व्हिसमध्ये करता येतं, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं. म्हणून पेट्रोलचे होज, त्यांचे जोड आणि फिल्टर पाहून घ्या असं लिहून द्या. पुस्तिकेत हे सापडणार नाही, ती छापली तेव्हा हे पेट्रोल नव्हतं.

अपॉइंटमेंट आठवड्याच्या मधल्या वारी घ्या, सकाळची पहिली. शनिवार टाळा. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, तेव्हा कोकणात जाणाऱ्या सगळ्या गाड्या सर्व्हिसला येतात. आणि तीन-चार दिवस आधी फोन करून हवे ते पार्ट गाडीच्या चॅसी नंबरवर मागवून ठेवायला सांगा. "पार्ट आले का?" हा फोन आदल्या दिवशी करा. हे एक केलं तरी "पुढच्या वेळी करू" निम्म्याने कमी होतं.

काउंटरवर

खरी लढाई इथली दहा मिनिटं. ॲडव्हायझर गाडीभोवती फिरतो, ओरखड्यांची नोंद करतो आणि विचारतो, "काही प्रॉब्लेम, मॅडम?" आपण म्हणतो, "पुढून जरा आवाज येतो." तो लिहितो: पेड सर्व्हिस, वॉशिंग, पुढून आवाज. आत मेकॅनिकच्या हातात पडतं ते एवढंच.

आमच्या गाडीच्या वेळचं बोलणं असं झालं होतं.

"मॅडम, तुमच्या किलोमीटरला ब्रेक ऑइल येत नाही."

"किलोमीटरला येत नाही, महिन्यांना येतं. हा बघा तक्ता. जे आधी होईल ते."

"सिस्टिममध्ये दाखवत नाहीये."

"मग कस्टमर डिमांड म्हणून लिहा. पार्ट आणि लेबर एस्टिमेटमध्ये धरा, मी सही करते."

कस्टमर डिमांड हा शब्द लक्षात ठेवा. पॅकेजच्या यादीबाहेरचं काम याच नावाने जॉब कार्डावर चढतं. एकदा ओळ चढली, एस्टिमेटमध्ये रक्कम आली, की ते काम कुणाच्या आठवणीवर राहत नाही. ते बंद केल्याशिवाय बिलही नीट बनत नाही. त्या ॲडव्हायझरने नंतर स्वतःच तक्त्यातली आणखी दोन कामं दाखवली, हेही सांगायला हवं. समोरच्याने पुस्तिका उघडली की बहुतेकांचा सूर बदलतो.

"ब्रेक पाहा" असं लिहू नका. ज्याचं उत्तर आकड्यात किंवा वस्तूत द्यावं लागेल असं लिहा. मी साधारण या ओळी लिहून देते, कागदावर, आणि त्याचा फोटो ॲडव्हायझरच्या व्हॉट्सॲपवरही टाकते:

ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढणे.
चारही चाकं उतरवून पुढच्या ब्रेक पॅडची आणि मागच्या ड्रममधल्या ब्रेक लायनरची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिणे.
कूलंट काढून नवं भरणे, नुसतं वरून टाकणे नाही.
एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर बदलणे, हवा मारून परत लावणे नाही.
प्लग बदलणे, जुने परत देणे.
बॅटरीचा व्होल्टेज, इंजिन बंद आणि चालू असताना.
टायरच्या नक्षीची खोली, चारही, शिवाय स्टेपनी.
बदललेले सगळे पार्ट डिकीत ठेवणे.

अर्थ लावायला थोडे आकडे जवळ असावेत. नवं ब्रेक पॅड साधारण १० मिमी जाड असतं, ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायची वेळ झाली. बंद गाडीत चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी असली तर तो टायर कायद्यानेही रस्त्यावर चालत नाही. आणि टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीवरचे आकडे वाचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टेपनी गाडीबरोबर आलेली, एकदाही न वापरलेली आणि तरीही वयाने संपलेली असते.

जुने पार्ट परत हवेत ही ओळ सही करण्याआधीच लिहून घ्यायची. काही जॉब कार्डांवर त्यासाठी चौकोनही छापलेला असतो. काम झाल्यावर मागितले तर "स्क्रॅपमध्ये गेले" हे उत्तर ठरलेलं. वॉरंटीत बदललेला पार्ट मात्र कंपनीकडे जातो, तो मागू नका.

एस्टिमेटवर सही करताना "फोन करून विचारल्याशिवाय जास्तीचं काम नाही" असं हाताने लिहा. आणि "गाडी उद्या मिळाली तरी चालेल, काम पूर्ण करा" हे मोठ्याने सांगा. हे वाक्य ऐकल्यावर ॲडव्हायझरच्या चेहऱ्यावर उसंत दिसते, कारण त्याच्यावर सगळा दबाव संध्याकाळच्या वेळेचा असतो.

गाडी आत असताना

दिवसभर तिथे बसायची गरज नाही. "चाकं उतरली की फोटो पाठवा किंवा फोन करा" एवढं सांगून निघा. शक्य असेल तर त्या वेळी जाऊन पंधरा मिनिटं थांबा, मेकॅनिकशी बोला. "दादा, मागचे ड्रम उघडलेत का? लायनर किती राहिलंय?" अशा साध्या प्रश्नावर ते आनंदाने हातातलं लायनर दाखवतात. गाडीबद्दल आस्थेने विचारणारा गिऱ्हाईक त्यांना क्वचितच भेटतो. तिथे कळतं ते बिलावर कधीच येत नाही, उदाहरणार्थ एखाद्या बाजूचं रबरी बूट (जोडावरचं आवरण) फाटायला आलंय किंवा होज कडक झालाय.

पहिल्यांदाच जात असाल अशा सर्व्हिस सेंटरला एक तपासणी करता येते. घरून निघण्याआधी जुन्या ऑइल फिल्टरवर, एअर फिल्टरच्या कडेला आणि केबिन फिल्टरवर पक्क्या मार्करने छोटा ठिपका करा. संध्याकाळी ठिपका तिथेच असेल तर फिल्टर तोच आहे. विश्वास बसलेल्या ठिकाणी मी हे करत नाही, पण नव्या ठिकाणी एकदा करावं.

पैसे भरण्याआधी

आधी बॉनेट, मग बिल. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली, मग डिपस्टिक. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या वर नाही. ऑइल जास्त भरणंही चुकीचंच. ब्रेक ऑइलच्या डबीत फिकट, जवळजवळ पारदर्शक रंग. कूलंटच्या बाटलीत पातळी आणि रंग. डिकीतले जुने पार्ट मोजा आणि बिलातल्या पार्टच्या ओळींशी जुळवा. बिलात चार प्लग असतील तर डिकीत चार जुने प्लग असले पाहिजेत.

व्हील अलाइनमेंटचे पैसे लावले असतील तर प्रिंट मागा. तिच्यावर आधीचे आणि नंतरचे असे दोन संच आकडे असतात. फक्त नंतरचे असतील किंवा प्रिंटच नसेल, तर त्या ओळीचे पैसे कमी करायला सांगा. मग ॲडव्हायझरला शेजारी बसवून एक चक्कर मारा, ब्रेक दाबा, आवाज ऐका. हे सगळं झाल्यावर सही.

जे काम पार्टअभावी राहिलं ते बिलावरच "पेंडिंग" म्हणून तारखेसकट लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको.

दोन-तीन दिवसांनी समाधानाचा फोन येतो. त्याआधी ॲडव्हायझरचा मेसेज असतो, "मॅडम, दहापैकी दहा द्या." हा फोन गांभीर्याने घ्या. या गुणांवर सर्व्हिस सेंटरचं बरंच काही ठरत असतं. काम पूर्ण झालं असेल तर मोकळ्या मनाने दहा द्या आणि मेकॅनिकचं नाव घेऊन सांगा. राहिलं असेल तर कोणतं काम राहिलं ते नावानिशी सांगा, "सर्व्हिस चांगली नव्हती" एवढंच नको. मला तरी सगळ्यात लवकर परत फोन आला तो अशा उत्तरानंतर.

डीलर सोडावा का?

वॉरंटी संपलेल्या गाडीला डीलरकडेच जायची सक्ती नाही. ओळखीचा चांगला गॅरेजवाला असेल तर ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन ही कामं तो तुमच्यासमोर करतो. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड लावला होता. पार्टच्या बाबतीत आज परिस्थिती तेव्हापेक्षा बरी आहे, बहुतेक ओरिजिनल पार्ट बाहेर मिळतात.

तरी वर्षा-दोन वर्षांतून एकदा डीलरकडे जावं असं माझं मत आहे, आणि त्याचं मुख्य कारण रिकॉल. कंपनीने परत बोलावलेला भाग गाडी जुनी असली, मालक बदललेला असला तरी फुकट बदलून मिळतो. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतात आणि फुटल्यावर धातूचे तुकडे उडवतात. होंडाने भारतात जुन्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड या गाड्यांतले ते मोफत बदलून दिले. गॅरेजमध्ये हे कळत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी नंबर टाकून पाहा किंवा काउंटरवर "माझ्या चॅसी नंबरवर काही रिकॉल बाकी आहे का?" असं विचारा.

पैसे घेतले आणि काम केलंच नाही, तर

गाडी घरी आणल्यावर लक्षात आलं तर हात लावू नका, दुसरीकडे दुरुस्तही करू नका. फोटो काढा, ओडोमीटरसकट. त्याच दिवशी ॲडव्हायझरला लेखी कळवा, प्रत वर्क्स मॅनेजरला. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्या. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, गाडी परत बोलावून काम फुकट करून देतात. त्यावेळीही नवं जॉब कार्ड बनवून घ्या, कागदाशिवाय गाडी आत सोडू नका.

तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पैसे घेऊन न केलेलं काम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या भाषेत सेवेतली त्रुटी आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावणं बंधनकारक नाही. सर्व्हिसच्या काही हजारांसाठी कुणी तिथवर जावं का, हा ज्याचा त्याचा निर्णय. ब्रेकचं काम न करता केलं म्हणून दाखवलं असेल तर जावं, असं मला वाटतं.

पहिलं पत्र असं पुरतं. नाव-गावाच्या जागा भरा आणि पाठवा:

"माझी गाडी क्रमांक … दिनांक … रोजी आपल्याकडे सर्व्हिसला दिली होती. जॉब कार्ड क्रमांक … मध्ये ब्रेक ऑइल बदलणे व मागच्या लायनरची जाडी नोंदवणे ही कामे लिहिलेली आहेत. बिल क्रमांक … मध्ये त्यांचे रु. … लावले आहेत. गाडी घरी आणल्यावर ब्रेक ऑइल जुनेच असल्याचे दिसले, फोटो जोडले आहेत. लायनरच्या जाडीची नोंद दिलेली नाही, जुने पार्ट परत मिळालेले नाहीत. ही कामे जादा आकार न घेता तीन दिवसांत पूर्ण करून द्यावीत किंवा वरील रक्कम परत करावी. काम माझ्यासमोर व्हावे, त्यासाठी वेळ लेखी कळवावी."